सिनेमा ब्रिटनचा, गोष्ट कुणाची?

२०२५ च्या उन्हाळ्यात तीन महिने लेकीकडे वॉटफर्डला राहून आले. हे गाव लंडनच्या वायव्येला, आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत. तिकडे गेले की माझा दिनक्रम ठरलेला असतो. लेक-जावई कामाला, नात शाळेत, आणि मी घरात एकटी. सकाळी फिरणे, दुपारी वाचन, संध्याकाळी लेकीच्या स्वयंपाकघरात लुडबुड. एक दिवस लेक म्हणाली, "आई, इथल्या थिएटरात आठवड्यातून एकदा सकाळी ज्येष्ठांसाठी खेळ असतो. तिकीट स्वस्त असतं आणि चहा-बिस्किटंही देतात. जाऊन ये की."

गेले. दोनशे खुर्च्यांचे चकचकीत थिएटर आणि आम्ही मोजून अकरा जण. सगळ्यांचे केस पांढरे. दोघी-तिघी काठ्या टेकत आलेल्या. सिनेमा ठीकच होता, पण माझे लक्ष राहून राहून रिकाम्या खुर्च्यांकडेच जात होते. शेजारच्या आजी चहा पिताना म्हणाल्या की त्या लहान असताना याच गावात चित्रपटगृहांची रांग होती आणि त्या आईबरोबर आठवड्यातून दोनदा सिनेमाला जायच्या. आता त्या इथे येतात ते मुख्यतः घरातून बाहेर पडायला निमित्त हवे म्हणून.

पुढच्याच शनिवारी नात मला लंडनला घेऊन गेली. ती सतरा वर्षांची. लेस्टर स्क्वेअरजवळच्या एका गल्लीत प्रिन्स चार्ल्स सिनेमा नावाचे एक जुने चित्रपटगृह आहे, तिथे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' लागला होता. १९६२ सालचा, पावणेचार तासांच्या आसपासचा सिनेमा. मला वाटले, माझ्यासारख्या म्हाताऱ्याच असतील. पाहते तो काय, रांग रस्त्यापर्यंत आलेली आणि त्यात नव्वद टक्के पोरेसोरे! मध्यंतर झाले तेव्हा त्या मुलांना कोण आनंद झाला. तिकडे आता सिनेमाला मध्यंतर नसते, त्यांना ती नवलाईच वाटली. मी नातीला म्हटले, "अगं, आमच्याकडे मध्यंतराशिवाय सिनेमा म्हणजे मीठ नसलेली आमटी."

एका आठवड्यात पाहिलेल्या या दोन थिएटरांचे कोडे काही डोक्यातून जाईना. मग इकडचे-तिकडचे वाचले, जावयाशी वाद घातला, शेजाऱ्यांशी बोलले. त्यातून जे वाटले ते आज लिहिते आहे. मी काही चित्रपटांची अभ्यासक नाही. आयुष्यभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवले, त्यामुळे कुठल्याही गोष्टीच्या सनावळ्या आधी पाहायची सवय लागली आहे, ती तुम्ही सांभाळून घ्याल.

तर आधी सनावळ्या. १९४६ साली ब्रिटनमध्ये सिनेमाची १६३ कोटींहून जास्त तिकिटे विकली गेली. त्या वेळी लोकसंख्या पाच कोटींच्या आत. म्हणजे तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाने वर्षातून तीसपेक्षा जास्त वेळा सिनेमा पाहिला! युद्ध नुकतेच संपलेले, शिधापत्रिकेवरचे मोजके खाणे, घरात कोळसा कमी, आणि थिएटरात ऊब, दिवे, मखमली खुर्च्या. त्या आजींच्या आठवणीतला काळ याच्या जवळचाच.

मग दूरचित्रवाणी आली. १९५३ साली राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक लोकांनी घरोघरी आणि शेजाऱ्यांच्या घरी गर्दी करून पाहिला. १९५५ मध्ये जाहिरातींवर चालणारी दुसरी वाहिनी सुरू झाली. लोक शहराच्या मध्यवस्तीतून उपनगरांत राहायला गेले, थिएटर मात्र जुन्या जागीच राहिले. एकेक चित्रपटगृह बंद पडून तिथे बिंगोचे जुगारघर झाले. व्हिडिओ आल्यावर उरलेसुरले गेले. १९८४ साली तिकिटांची संख्या ५.४ कोटींवर आली, म्हणजे दरडोई वर्षाला एकसुद्धा नाही. सिनेमाचे आता दहावे-बारावेच घालायचे, असे पुष्कळांना वाटले असणार.

पण १९८५ मध्ये मिल्टन कीन्स या नव्या वसवलेल्या शहरात दहा पडद्यांचे पहिले मल्टिप्लेक्स उघडले, आणि गाडी हळूहळू पुन्हा वर चढली. २०१८ साली १७.७ कोटी तिकिटे विकली गेली. त्याआधीच्या जवळजवळ पन्नास वर्षांत एवढी विकली गेली नव्हती. मग करोना आला. २०२० साली फक्त ४.४ कोटी. त्यानंतर आकडा वर आला खरा, पण २०२४ साली तो साडेबारा कोटींच्या थोडा पुढे जाऊन थांबला. जे गेले त्यातले बरेच परत आलेच नाहीत. पूर्वी थिएटरात लागलेला सिनेमा घरी बघायला मिळायला साधारण सोळा आठवडे लागायचे. आता दीड महिन्यात, कधी त्याच्याही आधी, तो घरच्या पडद्यावर येतो. लोक म्हणतात, थांबू की थोडे. आणि थांबता थांबता विसरून जातात.

म्हणजे ज्या आजी सवयीने जायच्या, त्यांची सवय गेली. आता लोक जातात ते काही तरी विशेष असले तर. जुलै २०२३ मध्ये 'बार्बी' आणि 'ओपनहायमर' एकाच दिवशी लागले तेव्हा मुली गुलाबी कपडे घालून झुंडीने गेल्या. लेक सांगत होती की फेब्रुवारी २०२५ मध्ये 'ब्रिजेट जोन्स'चा चौथा भाग आला तेव्हा तिच्या कचेरीतल्या आठ-दहा बायका मिळून गेल्या, आधी जेवण आणि मग सिनेमा. गंमत म्हणजे तोच सिनेमा अमेरिकेत थिएटरात लागलाच नाही, सरळ घरी बघायच्या सेवेवर गेला. ब्रिटनमध्ये मात्र त्याने थिएटरे भरली. नॅशनल थिएटरची नाटके २००९ पासून सिनेमाच्या पडद्यावर थेट दाखवतात, त्यालाही माझ्या वयाची मंडळी नटूनथटून जातात. पूर्वी सिनेमा म्हणजे रोजची भाजी-भाकरी होती, आता तो सणासुदीची पुरणपोळी झाला आहे. पुरणपोळी चांगलीच, पण तिच्यावर वर्षभर पोट कसे भरायचे?

ही झाली प्रेक्षकांची गोष्ट. आता सिनेमा तयार करणाऱ्यांची. इथे चित्र अगदी उलटे दिसते.

लेकीच्या घरापासून थोड्याच अंतरावर लीव्हस्डन आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धात विमाने बनवण्याचा कारखाना होता. पुढे तो रिकामा पडला, आणि २००० सालापासून तिथे हॅरी पॉटरचे आठही चित्रपट तयार झाले. आता ती जागा वॉर्नर ब्रदर्सच्या मालकीची आहे. 'बार्बी'चे चित्रीकरणही तिथलेच. पाइनवुड, शेपर्टन, एल्स्ट्री असे जुने-नवे स्टुडिओ लंडनच्या भोवती पसरले आहेत. शेपर्टनमध्ये नेटफ्लिक्सने आणि ॲमेझॉनने वर्षानुवर्षांचे करार करून जागा घेतल्या आहेत. २०२४ साली चित्रपट आणि मोठ्या खर्चाच्या मालिका मिळून सुमारे ५.६ अब्ज पौंड ब्रिटनमध्ये खर्च झाले. त्यातला फार मोठा वाटा बाहेरचा, मुख्यतः अमेरिकन कंपन्यांचा. हे सगळे येतात ते कुशल कारागीर मिळतात म्हणून, इंग्रजी भाषा आहे म्हणून, आणि २००७ पासून तिथले सरकार खर्चाचा काही भाग करसवलतीच्या रूपाने परत देते म्हणून.

मग ब्रिटिश सिनेमा जोरात चालला आहे असेच म्हणायचे ना? जावई तेच म्हणतो. पण लेकीच्या शेजारच्या घरातले गृहस्थ सुतार आहेत, गेली वीस वर्षे स्टुडिओत सेट बांधतात. कुंपणापलीकडून माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारता मारता ते एकदा २०२३ बद्दल बोलले. त्या वर्षी मे महिन्यात हॉलिवूडच्या लेखकांनी आणि जुलैत नटांनी संप केला. नटांचा संप नोव्हेंबरपर्यंत चालला. तिकडे कॅलिफोर्नियात संप आणि इकडे वॉटफर्डच्या सुताराच्या हाताला काम नाही! सात महिने त्यांनी लोकांच्या घरातली कपाटे दुरुस्त केली. त्यांचा एक सोबती कायमचाच दुसऱ्या धंद्यात गेला. "पत्र्याचं छप्पर आमचं, पण पाऊस कुठं पडायचा ते अमेरिकेत ठरतं," अशा अर्थाचे काही तरी ते बोलले. मी त्यांना विचारले, तुम्ही बांधलेले सेट तुम्ही सिनेमात पाहता का? म्हणाले, मागे एकदा एका सिनेमासाठी आम्ही अख्खी गल्ली उभारली होती. तो सिनेमा मी घरी टीव्हीवर पाहिला. गल्ली दिसली, पण इतक्या अंधारात की माझ्या खिडक्या मलाच ओळखू आल्या नाहीत.

मला वाटते, हे म्हणजे लग्नाच्या आचाऱ्यासारखे झाले. तो मोठमोठ्या मांडवांत पंगती उठवतो, हाताला चव आहे, मागणी आहे, पैसाही मिळतो. पण जेवणात काय करायचे ते यजमान ठरवतो, आणि आचाऱ्याच्या स्वतःच्या घरची चूल थंड असते.

हे दुखणे मात्र आजचे नाही. आपल्या दादासाहेब फाळक्यांची आठवण इथे येतेच. १९१२ साली ते सिनेमाचे तंत्र शिकायला लंडनला गेले, तेव्हा तिथल्या सेसिल हेपवर्थ नावाच्या निर्मात्याने त्यांना आपला स्टुडिओ मोकळेपणाने दाखवला. फाळक्यांनी तिथूनच विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला आणि पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' काढला. हे आपल्याला शाळेपासून माहीत असते. त्या हेपवर्थचे पुढे काय झाले, हे मात्र मला आत्ताच कळले. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन चित्रपटांचा लोंढा आला आणि १९२४ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. त्याच्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह त्यातल्या चांदीसाठी वितळवल्या गेल्या. वाचून पोटात कालवले. आपल्या माणसाला ज्याने वाट दाखवली, त्याची स्वतःची पुंजी अशी मुशीत गेली.

१९२० च्या दशकाच्या मध्याला ब्रिटनच्या थिएटरांत दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांत ब्रिटिश चित्रपट शंभरात जेमतेम पाच उरले होते. तेव्हा १९२७ मध्ये सरकारने कायदा करून थिएटरांना काही टक्के ब्रिटिश चित्रपट दाखवणे सक्तीचे केले. त्यातून कोटा भरण्यापुरते स्वस्तातले, घाईघाईने उरकलेले पुष्कळ चित्रपट निघाले. सक्तीने वही भरणाऱ्या मुलाचे अक्षर कसे येते ते मला विचारा! पण त्याच आडोशाला काही चांगले हातही तयार झाले.

१९५० मध्ये त्यांनी जास्त शहाणपणाची युक्ती काढली. प्रत्येक तिकिटातून थोडी रक्कम बाजूला काढायची आणि ती ब्रिटनमध्ये तयार होणाऱ्या चित्रपटांना वाटायची. तिला ईडी लेव्ही म्हणत. तिचा फायदा अमेरिकन कंपन्यांनीही इथे येऊन उठवला, हे खरे. पण त्या पैशातून १९५१ मध्ये मुलांचे चित्रपट काढणारी एक संस्थाही उभी राहिली. शनिवारी सकाळी गावोगावच्या थिएटरांत मुलांचे खेळ असत, तिथे हे चित्रपट दाखवले जात. एका शनिवारी सकाळी पाचशे पोरे मिळून आरडाओरडा करत सिनेमा बघताहेत, हे दृश्य डोळ्यांपुढे आणा. पुढची तीस वर्षे थिएटरांत जाणारा प्रेक्षक तिथे तयार होत होता. १९८५ मध्ये सरकारने ही लेव्ही बंद केली. बाजाराने आपले आपण पाहावे, असा तो काळ होता.

माझा जावई इथेच मला अडवतो. म्हणतो, "आई, अमेरिकेचा पैसा काही आज आलेला नाही. तुम्ही परवा एवढा कौतुकाने लॉरेन्स पाहिलात, त्यालाही पैसा कोलंबिया कंपनीचाच होता. जेम्स बाँड काढणाऱ्या दोघांतला एक अमेरिकन आणि दुसरा कॅनडाचा. शिवाय पगार खरा असतो. शेजारचे काका घराचे हप्ते फेडतात ते याच पैशावर."

जावई चुकीचे बोलत नाही. आमच्या कोल्हापुरात स्टुडिओ ओस पडतात तेव्हा काय होते ते मी पाहिले आहे. सुतार, रंगारी, शिंपी, जेवण पुरवणारे अशी किती तरी घरे एका स्टुडिओवर जगतात. कामाला नाक मुरडण्याचा अधिकार पेन्शनवर जगणाऱ्या माझ्यासारखीला नाही. आणि सिनेमा 'अस्सल' कुणाचा, हे शोधत बसण्यातही अर्थ नाही. १९३० च्या दशकात ब्रिटिश सिनेमाला नाव मिळवून दिले ते हंगेरीहून आलेल्या अलेक्झांडर कोर्डाने. 'अ रूम विथ अ व्ह्यू' आणि 'हॉवर्ड्स एंड' हे अगदी इंग्रजी वळणाचे चित्रपट काढले ते मुंबईच्या इस्माईल मर्चंटने, अमेरिकन दिग्दर्शक आणि जर्मनीत जन्मलेली लेखिका यांना बरोबर घेऊन. २०२४ सालचे उदाहरण तर फारच बोलके आहे. त्या वर्षी ब्रिटनने परभाषिक चित्रपटांच्या ऑस्करसाठी जो चित्रपट पाठवला तो हिंदीत होता! संध्या सुरींचा 'संतोष'. उत्तर भारतातल्या एका पोलीस बाईची ती गोष्ट. त्याला पैसा ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट आणि बीबीसी फिल्मसारख्या तिथल्या सार्वजनिक संस्थांचा होता. आपल्याकडच्या सेन्सॉरने त्याला अडवले, तो भाग वेगळा.

म्हणजे रक्त कुणाचे, भाषा कुठली, हा प्रश्नच नाही. प्रश्न असा की कुठली गोष्ट सांगायची हे ठरवतो कोण? आणि ती कुणासाठी सांगायची? 'संतोष'सारख्या चित्रपटाच्या बाबतीत हे ब्रिटनमधल्या माणसांनी ठरवले. १९८२ मध्ये चॅनल फोर सुरू झाले आणि त्याने छोट्या चित्रपटांना पैसा दिला, त्यातून 'माय ब्यूटिफुल लाँड्रेट' आला, पुढे 'ट्रेनस्पॉटिंग' आला. १९९५ पासून लॉटरीचा पैसाही सिनेमाला मिळू लागला. या चित्रपटांत त्या देशातल्या गल्ल्या, तिथली बेकारी, तिथले स्थलांतरित लोक दिसले. अशा चित्रपटांना आज पैसा मिळणे कठीण झाले आहे, कारण मोठ्या कंपन्यांनी कारागिरांचे आणि जागांचे भाव वाढवून ठेवले आहेत. २०२४ मध्ये सरकारने छोट्या चित्रपटांसाठी करसवलत वाढवली, हे बरे केले. पण चित्रपट तयार झाला तरी तो लागणार कुठे आणि पाहणार कोण? आणि खुद्द जेम्स बाँड? फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्या चित्रपटांत काय असावे हे ठरवण्याचा अधिकार ॲमेझॉनकडे गेला. तो १९६२ पासून लंडनमधल्या एका कुटुंबाने सांभाळला होता.

इथे मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवतो. १९८३ साल असावे. रिचर्ड ॲटनबरोंचा 'गांधी' कोल्हापुरात हिंदीतून लागला होता आणि आम्ही शाळेची मुले दोन-दोनच्या रांगेत चालवत थिएटरात नेली होती. तास दीड तासाने चुळबुळ सुरू होईल या भीतीने मी मधल्या वाटेत छडी घेऊन बसले होते, पण छडी हातातच राहिली. कस्तुरबांच्या मृत्यूच्या वेळी सगळे थिएटर चिडीचूप. रोहिणी हट्टंगडींनी केलेल्या त्या कामाला ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. कपडे आमच्या कोल्हापूरच्या भानू अथय्यांचे, त्यांना तर त्यासाठी भारतातले पहिले ऑस्कर मिळाले. हे सगळे मी मोठ्या अभिमानाने दुसऱ्या दिवशी वर्गात सांगत असताना मागच्या बाकावरचा तो मुलगा उठला आणि म्हणाला, "बाई, गांधींचा पिक्चर इंग्रजांनी काढला. मग आपल्या लोकांनी आधी का न्हाई काढला?"

मी त्याला सांगितले की यात आपल्या सरकारचाही पैसा आहे, ॲटनबरोंनी त्यासाठी वीस वर्षे खटपट केली, वगैरे. पण त्याच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते, हे त्यालाही कळले आणि मलाही. आज चाळीस वर्षांनी तोच प्रश्न ब्रिटनमधल्या एखाद्या मुलाने आपल्या बाईंना विचारला तर? आपल्या गल्लीची गोष्ट आपण का नाही सांगत? त्या बाई तरी काय सांगणार!

म्हणून माझे मत असे झाले आहे की नुसता स्टुडिओ सांभाळून भागणार नाही, प्रेक्षक सांभाळला पाहिजे. आणि प्रेक्षक आपोआप उगवत नाही, तो घडवावा लागतो. वाचनाची गोडी लावावी लागते तसेच हे. प्रिन्स चार्ल्सच्या रांगेतली मुले मला म्हणूनच फार मोलाची वाटली. नात आणि तिच्या मैत्रिणी पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाची नोंद लेटरबॉक्स्ड नावाच्या ॲपवर करतात, त्याला तारे देतात, भांडतात. पूर्वी आम्ही वाचलेल्या पुस्तकांची वही ठेवायचो तसे. ही मुले फोनवर वाढली, तरी तीन-चार तास फोन बंद ठेवून अंधारात बसली. त्यांना जुने आवडत नाही हा आपला गैरसमज आहे. २०२५ च्या जानेवारीत त्या थिएटरच्या भाडेपट्ट्यावरून वाद झाला तेव्हा लाखाहून जास्त लोकांनी अर्जावर सह्या केल्या. नातीचीही सही आहे त्यात. एडिंबराचे फिल्महाउस ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद पडले होते, लोकांनी वर्गणी काढली, धडपड केली, आणि जून २०२५ मध्ये ते पुन्हा उघडले.

आणखी एक प्रेक्षक आहे, त्याला विसरून चालणार नाही. तो म्हणजे आपला. १९६०-७० च्या काळात भारतातून आणि पाकिस्तानातून गेलेले लोक रविवारी थिएटर भाड्याने घेऊन हिंदी सिनेमे दाखवत. साउथॉलमध्ये १९२९ साली चिनी देवळासारखे बांधलेले एक सुंदर चित्रपटगृह आहे, तिथे वर्षानुवर्षे हिंदी सिनेमा चालला. व्हिडिओने ते बंद पाडले, आत बाजार भरू लागला. २००१ मध्ये 'हिमालय पॅलेस' नावाने ते पुन्हा सुरू झाले, पण मल्टिप्लेक्सपुढे टिकले नाही. मल्टिप्लेक्सने एक दार बंद केले तसे दुसरे उघडलेही. १९९८ मध्ये 'दिल से' हा ब्रिटनच्या पहिल्या दहा चित्रपटांत पोचलेला पहिला हिंदी चित्रपट ठरला. आता हिंदी, पंजाबी, तमिळ, तेलुगू चित्रपट तिथे नित्याने लागतात. मराठीचा एखादा खेळ लागला की लेकीच्या व्हॉट्सॲपच्या गटावर आठवडाभर आधी निरोप फिरतात. आजी-आजोबांपासून कडेवरच्या बाळापर्यंत सगळे कुटुंब डबा-पिशवीसह येते. १९४६ सालचे इंग्रज कुटुंब असेच येत असणार. त्यांची सुटलेली सवय आपल्या लोकांनी तिथे जपली आहे, याची मला थोडी गंमत वाटते आणि थोडा अभिमानही.

मग करायचे काय? एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या संस्कृतीविषयक समितीने शिफारस केली की घरी सिनेमे दाखवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी तिथल्या वर्गणीच्या उत्पन्नातले पाच टक्के ब्रिटिश कार्यक्रमांच्या निर्मितीसाठी द्यावेत. कंपन्यांना हे रुचणारे नाही. पण मला ते पटते. १९५० ची ती युक्तीच नव्या काळात आणायची. ज्याने तुमच्या अंगणात मांडव घातला त्याने तुमच्या चुलीसाठी दोन लाकडे द्यावीत, यात गैर काय? त्यात मी माझ्या पदरची एक भर घालीन. त्या पैशातला ठरलेला हिस्सा शाळेतल्या मुलांच्या खेळांसाठी आणि छोट्या गावांतल्या थिएटरांसाठी राखून ठेवावा. इन्टू फिल्म नावाची संस्था तिथे दर वर्षी नोव्हेंबरात शाळांना थिएटरांत फुकट खेळ दाखवते, म्हणजे वाट आहे, ती रुंद करायची एवढेच. शंभर मुले नेली तर त्यातली दहा पुढे सिनेमाला जातील, आणि एखादा मागच्या बाकावरून उठून नको तो प्रश्न विचारील. सिनेमा काढणारा माणूस त्यातूनच निघतो.

परत यायच्या आदल्या दिवशी शेजारच्या त्या गृहस्थांनी मला एक छोटी लाकडी खिडकी भेट दिली. वीतभर उंचीची, उघडझाप होणारी, सेटसाठी केलेला नमुना. ती आता माझ्या टेबलावर आहे. नातीने त्यांच्याकडून वचन घेतले आहे की पुढचा सिनेमा ते तिच्याबरोबर थिएटरात जाऊन पाहतील. तिकीट ती काढणार आहे.

तुमच्यापैकी कुणी ब्रिटनमध्ये असाल तर तुमच्या गावातले थिएटर चालू आहे का, तिथे कोण येते, हे जरूर कळवा. आणि जे इथेच आहेत त्यांनीही आपण शेवटचा सिनेमा थिएटरात कधी पाहिला हे आठवून बघावे. मी आठवून पाहिले. कोल्हापुरात राहून मला तीन वर्षे झाली होती.